तीळ कुठल्या गालावर

वर्गात ते पहिल्यांदा सगळ्यांच्या डोळ्यांत भरले ते बसले नाहीत म्हणून. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जुन्या मासिकांची कपाटं सरकवून केलेली ती खोली. थोडी टेबलं, दोन संगणक आणि भिंतीवर पांढरा पडदा. हाताने चित्रं काढायची, ती संगणकात घ्यायची, एकामागे एक लावायची आणि त्यांवर आपल्याच आवाजात गोष्ट सांगायची, असा तो डिजिटल गोष्टींचा वर्ग. सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या धरल्या आणि हे गृहस्थ खिडकीपाशी उभे. खाली चौकात बस वळली की यांची मान तिकडे.

"काका, बसा ना," शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

"जन्मभर बसूनच काम केलं हो. आता बसवत नाही."

ते शहराच्या बसवर ड्रायव्हर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्या दिवसापासून वर्गात त्यांचं नाव ड्रायव्हरकाका पडलं.

निवृत्तीनंतर त्यांच्या पायाला भिंगरीच लागली होती. सकाळी दूध आणायला जात ते दुपारी परत येत. घरात असले की या खोलीतून त्या खोलीत. जेवताना उजवा पाय टेबलाखाली नसलेला ब्रेक दाबत असे. काकू म्हणत, "अहो, गाडी कधीच डेपोत लागली. तुम्ही उतरा आता." मग ते हसत आणि बाहेर पडत. काकूंचं याच्या जोडीला एक जुनं गाऱ्हाणं होतं, आणि ते त्या भांडताना नव्हे, तर चहा गाळता गाळता सहज बोलत. त्यामुळेच ते जास्त लागे. "अख्खा संसार झाला, पण या माणसाचं लक्ष रस्त्यावर. माझ्याकडे धड कधी बघितलंत का हो तुम्ही?"

बोलणं हा काकांचा प्रांतच नव्हता. शेवटी लेकीनेच वैतागून त्यांचं नाव वर्गात घातलं. "बाबा, निदान आठवड्यातून दोन संध्याकाळी आईला घर मोकळं मिळेल."

मॅडमनी विषय विचारले तेव्हा कुणी आपलं मांजर म्हणालं, कुणी आजोळ. काकांनी बराच वेळ पेन्सिलीचं टोक कुरतडलं आणि म्हणाले, "आमच्या हिच्यावर करतो. पण तिला कळता कामा नये. एकदम शेवटच्या दिवशीच दाखवायचं."

काकू चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या सकाळी काकांच्याच बसने दुकानात जात. काका पहाटेच डेपोत गेलेले असत आणि घरात दोघांची गाठ फक्त रात्रीच्या जेवणाला. तीच गोष्ट काकांना सांगायची होती: थांब्यावर उभी असलेली काकू, बस वळताना तिने सावरलेली पर्स, आणि खिडकीशी बसलेली, पुढे बघणारी काकू. गाऱ्हाण्याला उत्तर द्यायचं होतं, पण ते तोंडाने जमण्यासारखं नव्हतं.

आश्चर्य म्हणजे हात चांगला होता. बस तर अशी उतरली की वर्गातल्या पोरी चाकांवरून बोट फिरवून बघत. घोडं अडलं ते काकूंच्या चेहऱ्यापाशी. कागदामागून कागद फाडले गेले. घरी ते चोरून काकूंकडे बघायचा प्रयत्न करत.

"काय बघताय? तोंडाला काही लागलंय का माझ्या?"

"काही नाही."

"मग पेपर बघा. तो तरी रोज बदलतो."

आणि त्या पाठ फिरवून कामाला लागत. समोरासमोर बघायची दोघांनाही सवय नव्हती. काकांनी मग तो नाद सोडला. वर्गात एका संध्याकाळी डोळे मिटून ते थोडा वेळ स्वस्थ बसले, चक्क बसले, आणि काढायला लागले ते थांबलेच नाहीत. रुंद कपाळ, जरा पुढे आलेली हनुवटी, गालावरचा ठसठशीत तीळ. मग तोच चेहरा खिडकीत, थांब्यावर, छत्रीखाली. आवाजही दिला. माईकपुढे घसा तीनतीनदा खाकरून ते म्हणाले, "तीळ दिसला की समजायचं, आजचा दिवस सुरू झाला."

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी लेक वर्गात मदतीला आली. पडद्यावर चित्रं सरकायला लागली. आधी तिचे डोळे भरून आले, मग कपाळावर आठी आली.

"बाबा... आईचा तीळ उजव्या गालावर आहे."

"मग?"

"तुम्ही सगळीकडे डाव्यावर काढलाय."

काका पडद्याजवळ गेले. पुन्हा मागे आले. लेकीने फोनमधला आईचा फोटो पुढे धरला. तीळ उजव्या गालावर, वादच नाही. काकांचा चेहरा असा झाला की जणू भर चौकात गाडी बंद पडली.

"उलटवू या ना, एका क्लिकचं काम," म्हणून मॅडमनी चित्र उलटवलं. तीळ जागेवर आला, पण बसवरचा नंबर उलटा झाला आणि दार भलत्या बाजूला गेलं.

"या बसमधून माणूस उतरला तर थेट रहदारीत," काका म्हणाले. "नको."

मग नुसता चेहरा कापून उलटवला. काकू बसच्या मागच्या बाजूला बघायला लागल्या. "हिचा स्टॉप गेला वाटतं," मांजरवाली मुलगी पुटपुटली. एरवी काका सगळ्यांत मोठ्याने हसले असते.

"तीळ पुसूनच टाकू का?"

"तीळ नाही तर ती ती नाही," काका म्हणाले. "आणि मी काय बोललोय त्यावर?"

घरी जाताना ते लेकीबरोबर बसमध्ये चढलेच नाहीत, चालत गेले. वाटेत थांबत, पुन्हा झपाझप चालत, स्वतःशीच. एवढ्या वर्षांत गालसुद्धा कळला नाही, असं आमची ही म्हणेल, आणि खोटं काय आहे त्यात? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मॅडमना फोन करून सांगितलं, "माझं दाखवू नका." पण लेकीने आईला बरोबर घेऊन यायचं कबूल केलं होतं, कार्यक्रमाच्या पत्रिकेत नाव छापलं होतं, आणि मॅडमही काही कमी हट्टी नव्हत्या.

संध्याकाळी काका दाराच्या चौकटीत उभे राहिले, म्हणजे निसटता यावं. काकू पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स. दिवे मालवले. पडद्यावर बस आली, थांबा आला, खिडकीत काकू आल्या. काकांचा आवाज घुमला. चित्रं संपली, टाळ्या झाल्या, दिवे लागले, तरी काकू पडद्यावर थांबलेल्या शेवटच्या चित्राकडेच बघत होत्या.

लेकीला राहवलं नाही. "आई, तीळ तेवढा चुकलाय गं. रागावू नकोस."

"कुठे चुकलाय? बरोबर तर आहे."

"अगं, हात लाव बघू तिळाला."

काकूंनी उजव्या गालाला बोट लावलं. मग पडद्याकडे बघितलं. "हो, पण मी रोज वेणी घालताना तो याच बाजूला बघते. आरशात असाच दिसतो."

दाराशी काका एकदम दोन पावलं पुढे आले. "आरशातच!" ते जवळजवळ ओरडले. "मी पण आरशातच बघायचो! डोक्यावरच्या!"

ड्रायव्हरला मागचे प्रवासी दिसावेत म्हणून काचेच्या वर लांबट आरसा असतो. काकूंचा चेहरा काकांनी निवांत पाहिला तो त्याच आरशात, रोज सकाळी, चष्म्याच्या दुकानापर्यंत.

काकू म्हणाल्या, "मला वाटायचं, गाडीत किती माणसं चढली ते बघताय."

"ते पण बघायचो."

"आणि रस्ता?"

काका खिडकीतून खाली चौकाकडे बघायला लागले.

"कुणाला धडकला असतात म्हणजे?" काकू म्हणाल्या. "एवढी माणसं गाडीत, आणि हा माणूस तीळ बघतोय!" बोलता बोलता त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि नाक पुसलं. ते चहा गाळतानाचं गाऱ्हाणं त्यांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही. त्याच्या जागी दुसरी गाऱ्हाणी आली, ती गोष्ट वेगळी.

या सत्रात काकूंनीही वर्गात नाव घातलं आहे. दोघं वेगवेगळ्या टेबलांवर काम करतात आणि एकमेकांना चित्रं दाखवत नाहीत.