मर्टलबाईंचं शेवटचं वाक्य

मर्टल क्रॅब्ट्री टीव्हीवर आयुष्यात एकदाच दिसल्या, आणि त्याही मेलेल्या. कुठल्याशा पोलीस मालिकेत गालिच्यावर पालथं पडून राहायचं काम होतं. दुसऱ्या दिवशी बंदरावरच्या मासळीवाल्या बायका म्हणाल्या, "काय मेलात हो बाई! जिवंत माणसांकडे बघवेना." बाईंनी मान तुकवून ती दाद घेतली. "पडताना पाय कुठं जातात, त्यावर सगळं असतं," एवढंच म्हणाल्या, आणि हॅडॉक माशाचा तुकडा पिशवीत टाकून तालमीला आल्या.

लंडनमध्ये त्यांचं नाव कुणी घेत नाही. त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही, मला मात्र आजही संताप येतो. मी नोरीन. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या लहानशा थिएटरात विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायची. पडदाही माझ्याच हातात असायचा. लोकांनी मर्टलबाईंना समोरून पाहिलं, मी उमेदीची सारी वर्षं त्यांना बाजूनं पाहण्यात घालवली. जादूगाराला मागून पाहिलं की म्हणे हातचलाखी कळते. मला तर काहीच कळलं नाही.

त्यांची आई हेरिंग माशांना धुरी देणाऱ्या कारखान्यात होती. मुलगी कोवळ्या वयात थिएटर झाडायला आली ती तिथलीच झाली. त्या काळी दर सोमवारी नवं नाटक लागायचं. सकाळी पुढच्या नाटकाची तालीम, संध्याकाळी चालू नाटकाचा प्रयोग, आणि त्यानंतर खोलीवर जाऊन पुढचं पाठांतर. या आठवड्यात सरदाराची विधवा, पुढच्या आठवड्यात तिचीच मोलकरीण. दौऱ्यावर रविवार आगगाडीत जायचा, जेवायला घरमालकिणीनं झाकून ठेवलेलं थंडगार हॅम. असं जगून माणूस आंबून जातो. या बाई मुरल्या.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. त्यांचा नवरा सिरिल आमच्याच वाद्यवृंदात ड्रम वाजवायचा. एका मंगळवारी सकाळी तो गेला. संध्याकाळी विनोदी नाटक होतं. सगळे धरून चालले होते की प्रयोग रद्द. बाई नेहमीच्या वेळेला आल्या, टोपी खुंटीला लावली आणि आरशासमोर बसल्या. मी दारातच घुटमळले.

"अशी काय बघतेस? पावडर दे."

"बाई, आज तरी..."

"लोकांनी तिकिटं काढलीत ती हसायला, नोरीन. सिरिलसाठी रडायचं काम माझं आहे, त्यांचं नाही."

त्या रात्री लोक हसून हसून खुर्चीतून घसरले. सिरिलच्या जागी बसलेल्या पोऱ्याचा ठोका चुकला, तर बाईंनी पुढचं वाक्य त्या चुकीच्या ठोक्यावर बेतून घेतलं. हे असलं काही करायला माणूस देवाकडून येतो की सैतानाकडून, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे.

गडबड झाली की त्यांना जोर चढायचा. एकदा नेपथ्यातलं दार फुगून बसलं, उघडेचना. बाईंना तर रागानं घर सोडून जायचं होतं. त्यांनी दाराकडे तुच्छतेनं पाहिलं, स्कर्ट सावरला आणि ताठ मानेनं भिंतीतल्या शेकोटीच्या कमानीतून बाहेर पडल्या. एक माणूस हसला नाही. मध्यंतरात मागच्या रांगेतल्या आजीबाई शेजारणीला सांगत होत्या, "इतकी चिडली होती बिचारी, तिला दार कसं दिसणार?"

आता एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं घडलं ते त्यापायी. आमच्याकडे नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत कुणी उच्चारत नाही. ते पहिल्या प्रयोगाला, प्रेक्षकांपुढेच उच्चारायचं. आधी म्हटलं तर नाटक तालमीतच संपलं, प्रयोगाला मग उरलं काय? तालमीत त्या जागी जो तो काहीबाही बोलतो. कुणी गुणगुणतो, कुणी कोबीचा भाव सांगतो. शेवटचं वाक्य मर्टलबाईंचं असलं की त्या विंगेकडे वळून म्हणायच्या, "चहा टाकलास का गं?" मी कोपऱ्यातून ओरडायची, "टाकलाय, बाई!" तालीम संपायची. वर्षानुवर्षं हेच.

बाईंची सत्तरी उलटली आणि विसरायला सुरुवात झाली. आधी खाटकाला त्याच्या वारलेल्या बापाच्या नावानं हाक मारली. मग किटली जळाली. पुढे एकदा घरी जायला निघाल्या आणि थेट धक्क्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. रंगमंचावर मात्र त्यांना शब्द सापडायचे, कारण ते डोक्यात नव्हतेच. ते त्या खुर्चीत होते, खिडकीच्या कडीत होते. खुर्चीच्या पाठीवर हात टेकला की वाक्य आपोआप यायचं. मी खुर्च्यांच्या जागा खडूनं आखून ठेवायची आणि कुणाला एक बोट इकडेतिकडे हलवू द्यायची नाही.

अशात ते नाटक आलं. म्हातारीचं घर विकलं जातं, मुलं सामान घेऊन पुढे जातात आणि ती मोकळ्या खोलीत एकटी उरते. हातात बॅग घेऊन ती घराला म्हणते, "बरं, येते मी." पडदा. दिग्दर्शक पियर्स, लंडनहून आलेला, स्वभावानं भला माणूस. तालमीत बाई दोनदा मध्येच थांबल्या तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं.

"नोरीन, मला त्यांचा तमाशा झालेला बघायचा नाहीये. पहिल्या प्रयोगाला अडखळल्या तर दुसऱ्या दिवसापासून बदली नटी उभी करेन. आणि एकदा घरी बसवलं की मग..."

"मग परत कोण घेणार? कळतंय मला."

हे बाईंनाही कळलेलं होतं. त्यांच्या कानांना काही झालेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावता लावता म्हणाल्या, "घरी बसून काय करू गं मी? भिंतींना पाठ म्हणून दाखवू?"

मला भीती शेवटच्या वाक्याची होती. बाकीची वाक्यं खुर्चीत होती, खिडकीत होती. हे कशातच नव्हतं, कारण ते त्यांच्या तोंडून कधी बाहेरच पडलेलं नव्हतं. मी धीर करून म्हटलं, "बाई, इथं कोण ऐकतंय? एकदा म्हणून घ्या ना."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "तू? दुसरं कुणी म्हटलं असतं तर समजले असते. तू सांगतेस मला हे?"

"तुमच्यासाठीच सांगतेय."

"माझ्यासाठी तू गप्प बस. जन्मभर जे केलं नाही ते आता मरताना करू होय? टोस्ट खा."

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलेलं होतं. पियर्स मागच्या भिंतीला टेकून उभा. बाई पहिल्या अंकात पाण्यासारख्या वाहिल्या. दुसऱ्यात एकदा चाचपडल्या, पण हात खिडकीच्या कडीवर गेला आणि वाक्य आलं. शेवटी मुलं गेली. मोकळी खोली, हातात बॅग. बाई थांबल्या. मग माझ्या कोपऱ्याकडे वळल्या आणि अगदी घरगुती आवाजात म्हणाल्या, "चहा टाकलास का गं?"

माझं तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांची सवय, "टाकलाय" अगदी जिभेच्या टोकावर आलेलं. मी मनगट दातांत धरलं. मूळ वाक्य फेकायचं होतं मला, तेच तर माझं काम, पण आवाज फुटेना. बाई माझ्याकडे बघत होत्या. खरोखर वाट बघत होत्या.

मग त्यांना कळलं. ते कळताना मी पाहिलं आहे, आणि असं पाहणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्यांचा चेहरा आधी लहान मुलासारखा गोंधळला, मग ओशाळला. लोकांना दिसत होती ती विसरून गेलेली म्हातारी, जिची मुलगी आता या घरात नाही. बाई स्वतःशीच थोडं हसल्या. कोटाचं बटण लावलं, ते चुकीच्या काजात गेलं, काढून पुन्हा लावलं. बॅग उचलली. त्या रिकाम्या खोलीकडे एकदा पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "येते मी."

मी पडदा पाडायला विसरले. माझ्या सगळ्या नोकरीत एवढं एकदाच झालं. बाई तशाच उभ्या राहिल्या, हलल्या नाहीत, आणि माझी चूकही त्यांनी तोलून धरली. मी रडत रडत दोर सोडला. टाळ्या कितीतरी उशिरानं सुरू झाल्या आणि मग थांबेचनात.

पियर्स डोळे पुसत आत आला. "बाई, ते चहाचं! उद्या ठेवाल? रोज ठेवाल?"

"जमलं तर बघू," बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर मी दार लावलं. "बाई, खरं सांगा. विसरलात ना?"

त्यांनी गालावरचं क्रीम पुसलं. "प्रॉम्प्टरनं असले प्रश्न विचारायचे नसतात."

बदली नटी विंगेतच राहिली. नाटक ठरलं होतं त्याहून जास्त चाललं. रोज शेवटी बाई वळायच्या, विचारायच्या, माझ्याकडे बघत राहायच्या. कधी ती शांतता छोटी असायची, कधी इतकी लांब की मला घाम फुटायचा. यात नाटक किती आणि खरं विचारणं किती, हे मला त्यांच्या इतक्या जवळ बसूनही एकाही प्रयोगाला ओळखता आलं नाही. मी नुसती ओठ मिटून बसायची.

शेवटच्या प्रयोगानंतर माणसं नेपथ्य उतरवू लागली. खिडकी गेली, शेकोटी गेली, माझ्या खडूच्या खुणांवरून कुणीतरी झाडू फिरवला. बाई कोट घालून एका खोक्यावर बसल्या होत्या. यापुढे त्या कुठल्याच नाटकात नव्हत्या, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्या माझ्याकडे वळल्या. "चहा टाकलास का गं?"

तीच मान, तोच आवाज. मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. मग वाटलं, खड्ड्यात जावो ते.

"टाकलाय, बाई."

त्यांनी केवढा तरी निःश्वास सोडला.

"किती रात्री विचारतेय मी तुला, मेले," त्या म्हणाल्या. "आज सुचलं होय उत्तर?"