मरीगौडाची साडेपाचची गाडी

कर्नाटकातल्या हासनच्या हेमगिरी मोटर सर्व्हिसच्या बुकिंग ऑफिसात वनजाक्षीला सगळे वनजक्का म्हणतात. मालकही म्हणतात, आणि मालक तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे आहेत. एकतीस वर्षांपूर्वी ती इथे लागली तेव्हा प्रवाशांच्या याद्या कार्बन घालून तीन प्रतींत लिहायचं काम होतं. पुढे कॉम्प्युटर आला, तिकिटं घरबसल्या निघू लागली, आणि जिच्या हातात कार्बन होता तिच्याच हातात सर्व्हर आला. दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं, एवढंच कारण.

सर्व्हर म्हणजे काही अगडबंब प्रकरण नव्हे. दार काढलेल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात घुमणारी एक काळी पेटी, तिला जोडलेला एक पडदा, आणि वरच्या कप्प्यात पार्सलच्या सुतळीची बंडलं. तिकिटांची साइट मालकांचा भाचा सुदर्शन याने बनवली होती. तो आता मेलबर्नला असतो. जाण्यापूर्वी त्याने वनजक्काला एका दुपारी सगळं शिकवलं. म्हणजे असं, की प्रोग्राम बंद पडला तर काळी खिडकी उघडायची, कीबोर्डवरचा वर जाणारा बाण दोनदा दाबायचा आणि एंटर. बाण दाबला की जी ओळ उमटायची ती काय आहे हे वनजक्काने सात वर्षांत कधी वाचलं नाही. देवळातला भटजी तरी कुठे अर्थ सांगत बसतो.

"पण अक्का, पेटी मात्र बंद करू नका," सुदर्शन म्हणाला होता. "का रे?" तर म्हणे, "उगाच कशाला."

कॉम्प्युटरवाल्यांच्या 'उगाच कशाला'मध्ये काय काय दडलेलं असतं, हे कळायला एक आयुधपूजा यावी लागली.

आमच्याकडे खंडेनवमीला गाड्यांचा थाट नवरीसारखा असतो. पुढे केळीचे खुंट, काचेवर झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, दारात फोडलेला कोहळा आणि ताटभर चुरमुरे. दरवर्षी गाड्यांनंतर पेटीलाही हळदकुंकू लागायचं. ती आपली घुमतच असायची. या वर्षी पूजेला आलेल्या भट्टरांनी, म्हणजे भटजींनी, ऐन वेळी हात आखडला.

"चालत्या गाडीची पूजा करतो का आपण? हत्यार खाली ठेवलेलं हवं. ही तर गुरगुरतेय."

"भट्टरे, ती बंद करायची नसते," वनजक्का म्हणाली.

"कोण म्हणतो?"

"सुदर्शन."

"तो म्हशीचं मांस खातो तिकडे," भट्टर म्हणाले, आणि वादाचा निकाल लागला. मालक म्हणाले, "एक रात्र तर आहे अक्का. तिलाही दमायला होत असेल." वनजक्काला हे पटलं. खरं तर फारच पटलं. सात वर्षांत या बिचारीला कोणी एक दिवस सुट्टी दिली नव्हती. तिने स्वतःच्या हाताने पेटी बंद केली, कुंकू लावलं, आणि ऑफिस एकदम इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

विजयादशमीला सकाळी सातला आरती झाल्यावर तिने बटण दाबलं. पेटी घुमली. काळी खिडकी उघडली, दोनदा बाण, एंटर. पडद्यावर लाल अक्षरं आली. प्रोग्राम चालू होत नाही. ८०८० नंबरचा पोर्ट आधीच वापरात आहे.

तिने पुन्हा बाण आणि एंटर दाबलं. पुन्हा तेच. आज संध्याकाळी सणाला आलेलं अर्धं बेंगळुरू परत निघणार होतं, आणि साडेपाचच्या गाडीतल्या छत्तीस जणांची नावं या पेटीच्या पोटात होती. दुसरीकडे कुठेच नव्हती.

"अक्का, कशाला घाबरवता सकाळी सकाळी?" काउंटरवरचा चेलुवय्या आपला मोबाइल नाचवत आला. "साइट चालू आहे. हे बघा. बुकिंगही यायला लागलं."

खरंच चालू होती. हिरवी पट्टी, हेमगिरीचं चित्र, सगळं जागच्या जागी. वनजक्का पडद्याकडे बघतच राहिली. बाण न दाबता ही चालू झाली कशी? सात वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"पूजेचं फळ," चेलुवय्या म्हणाला. ही बातमी मालकांनी तीन गॅरेजवाल्यांना आणि स्वतःच्या सासुरवाडीला फोन करून सांगितली. भट्टरांना दुसऱ्यांदा दक्षिणा मिळाली. वनजक्कानेही हात जोडले. तिची चूक कुठली म्हणाल तर पेटी बंद करणं नव्हे, हे हात जोडणं.

साडेअकराला चेलुवय्या खूश होऊन म्हणाला, "आज काय जोर आहे अक्का. साडेपाचच्या गाडीला एकतीस तिकिटं गेली."

"साडेपाचची तर गेल्या मंगळवारीच भरली," वनजक्का म्हणाली.

मग तिने यादी छापायला टाकली. कागद सरकत सरकत बाहेर आला. वर लिहिलेलं होतं: हासन ते बेंगळुरू, साडेपाच, सीट चाळीस. खाली: ड्रायव्हर, मरीगौडा.

चेलुवय्याच्या हातातला चुरमुऱ्यांचा कागद खाली पडला. वनजक्काला खुर्ची सापडेना. ती चुरमुऱ्यांच्या पोत्यावर बसली.

मरीगौडाला जाऊन दोन वर्षं झाली होती. सुट्टीच्या दिवशी, घरच्या ओसरीवर, कॉफीचा पेला हातात असताना. बावीस वर्षं तो रोज काउंटरच्या काचेवर किल्ली वाजवून विचारायचा, "वनजक्का, आज किती जण जिवावर उदार झालेत?" आणि ती न बघता सांगायची, "आहेत छत्तीस-चाळीस वेडे." या जिल्ह्यात लोक गाडी बघून तिकीट काढत नाहीत, ड्रायव्हर बघून काढतात. म्हणून तर मालकांनी तिकिटावर ड्रायव्हरचं नाव छापायची पद्धत पाडली. कागदावर ते नाव बघून तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की आता काचेवर किल्ली वाजणार.

आला तो चेलुवय्याचा आवाज. "अक्का, चाळीस सीटची गाडी तर भंगारात गेली. आताची छत्तीसची आहे."

"म्हणजे ही एकतीस तिकिटं कुठल्या गाडीची विकलीस तू?"

"मी कुठे, तुमच्या पेटीने विकली."

तिने सुदर्शनला फोन लावला. तो सुपरमार्केटात पैसे द्यायच्या रांगेत उभा होता.

"अक्का, शुभ दसरा. काय म्हणतेय पेटी?"

"मेलेल्या माणसाला गाडी चालवायला बसवलंय तुझ्या पेटीने."

तिने सगळं सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "पेटी बंद केली होती का?"

"पूजेला."

मग सुदर्शन अगदी हळू आवाजात बोलू लागला, डॉक्टर बोलतात तसा. तीन वर्षांपूर्वी सुट्टीला आला असताना त्याने साइटची एक नक्कल करून ठेवली होती, नवीन प्रयोग करायला. त्या दिवसापर्यंतच्या गाड्या, त्या दिवसापर्यंतचे ड्रायव्हर. पेटी चालू झाली की ती नक्कल आपोआप उठावी अशी सोयही केली होती. पेटी बंदच झाली नाही, म्हणून नक्कल कधी उठली नाही. आज उठली, आणि ८०८० वर जाऊन बसली.

"म्हणजे सीटवर दुसराच येऊन बसलाय," वनजक्का म्हणाली. हे तिला लगेच कळलं. एकतीस वर्षं तिने हेच केलं होतं. चुकीच्या सीटवरच्या माणसाला उठवणं.

"बरोबर. त्याला उठवायचं. मला इथून पेटीत येता येणार नाही, तुम्हीच करा. मी सांगतो ते एकेक अक्षर टाका. आधी तो कोण आहे ते विचारू."

तिने अक्षरं टाकली. पडद्यावर एक ओळ आली, ओळीत एक आकडा. अकराशे सत्तावीस.

"आता 'किल', मग जागा सोडून तो आकडा. एंटर."

तिने टाकलं. बोट एंटरवर नेलं आणि तिथेच थांबलं. शेजारी काउंटरच्या पडद्यावर साडेपाचची यादी अजून उघडी होती, वर मरीगौडाचं नाव. तो माणूस एकदा गेला तेव्हा ती आपल्या भाच्याच्या, पुट्टाच्या, लग्नाला म्हैसूरला होती, तिला त्याला शेवटचं बघायलाही मिळालं नव्हतं.

"अक्का? लाइन गेली का?"

"आहे," ती म्हणाली आणि बोट दाबलं. शेजारच्या पडद्यावर पान ताजं केलं तर कोरं. साइट उघडत नाही. चेलुवय्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"आता तुमचा बाण दाबा," सुदर्शन म्हणाला.

बाण दाबला तर मघाची 'किल'ची ओळ पुढे आली. ती दचकून मागे सरली. आणखी तीन वेळा दाबल्यावर नेहमीची ओळ सापडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ती सावकाश वाचली. एंटर. या वेळी लाल अक्षरं वेगळी होती. डेटाबेसशी संपर्क होत नाही.

"हे काय नवीन?"

"नावं, तिकिटं, सगळं जिथे ठेवलंय तो डेटाबेस. प्रोग्राम त्याला हाक मारतोय, तो ओ देत नाहीये."

वनजक्का विचारात पडली. "सुदर्शना, ड्रायव्हर गाडीत बसलेलाच नाही आणि आपण कंडक्टरला शिटी मारायला लावतोय, असं तर नाही ना? हा डेटाबेस पेटीबरोबर आपोआप उठतो का?"

"उठतो ना, त्याची सोय मी..." आवाज थांबला. मागे कुणीतरी त्याला इंग्रजीत पुढे सरकायला सांगत होतं.

"केलीस ना?"

"नकलेची केली," सुदर्शन म्हणाला. "खऱ्याची राहिली."

"शाबास. खोट्याला उठवलंस आणि खरा झोपलेला ठेवलास. एवढं शिकलास ते यासाठी?"

"अक्का, ओरडा नंतर. लिहून घ्या."

डेटाबेस उठवायची ओळ तिने तिकिटाच्या मागे लिहून घेतली, टाकली, चूक निघाली, पुन्हा टाकली. मग बाण मोजून आपली ओळ. एंटर. पडदा भराभर वर सरकला, लाल काहीच नाही, आणि शेवटच्या ओळीवर येऊन थांबला. यादी छापली. छत्तीस सीट, छत्तीस नावं, मंगळवारी होती तीच. ड्रायव्हर लक्कप्पा. दुपारचा एक वाजला होता आणि वनजक्काच्या साडीची पाठ घामाने चिंब होती.

राहिले ते एकतीस जण, ज्यांच्या हातात नसलेल्या गाडीची तिकिटं होती. मालकांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले, मग त्यांनी लग्नाच्या वऱ्हाडाला लावायची बेचाळीस सीटची गाडी बाहेर काढायला सांगितली. "केळीचे खुंट राहू द्या, सोडायला वेळ नाही." चेलुवय्या आणि वनजक्का यांनी फोन करकरून तीस जणांना जादा गाडीचं सांगितलं. काही चिडले, एक जण म्हणाला की केळीच्या खुंटाची गाडी असेल तर फोटो काढू द्याल का. एकतिसाव्याचा फोन लागला नाही.

पाच वाजता ती एकतिसावी स्वतःच आली. सणम्मा, पंच्याहत्तरीची, काठी, कापडी पिशवी, हातात नातवाने बेंगळुरूहून पाठवलेलं तिकीट छापलेला कागद. तिला जादा गाडी चालवणाऱ्या लक्कप्पाच्या भावाने गाडीकडे नेलं तर ती पायरीवर पाय ठेवीना.

"ड्रायव्हर कुठेय?"

"हा काय, अज्जी, मीच."

"तू नाही. मरीगौडा. तिकिटावर लिहिलंय. नातू म्हणाला, अज्जी, मरीगौडा आहे, बिनधास्त ये. नाहीतर मी एकटी निघते होय."

सगळे वनजक्काकडे बघायला लागले. तिने सणम्माचा हात धरला आणि तिला ऑफिसात आणून बसवलं.

"अज्जी, तिकीट चुकून निघालं. आमच्या पेटीत जुनी यादी उघडली गेली. चूक माझी. मरीगौडा नाहीये."

"दुसऱ्या गाडीवर गेला?"

"वारला अज्जी. दोन वर्षं झाली."

सणम्माने कागदाकडे बघितलं, मग वनजक्काकडे, मग पुन्हा कागदाकडे. तिचं तोंड थोडं उघडं राहिलं. बाहेर लक्कप्पाने एकदा हॉर्न दिला आणि चेलुवय्या त्याला गप्प करायला धावला.

"कुठला महिना होता?" तिने विचारलं.

"श्रावण."

"श्रावणात मी मुलीकडे होते." तिने कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. "बेंगळुरूत शिरताना मी गोरगुंटेपाळ्यला उतरते, तिथे अंधार असतो. नातू येईपर्यंत तो गाडी हलवायचा नाही. मागचे ओरडायचे तर म्हणायचा, उतरा खाली आणि ढकला."

वनजक्का बाहेर गेली. स्टिअरिंगवर लक्कप्पाचा धाकटा भाऊ बसला होता, दाढीही धड आली नव्हती.

"गोरगुंटेपाळ्यला अज्जीचा नातू येईल. तो येईपर्यंत गाडी हलवायची नाही. कोणी काही म्हणो."

"बरं अक्का."

"काय करायचं?"

"हलवायची नाही."

सणम्माला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं. वऱ्हाडाची गाडी केळीची पानं हलवत बारा मिनिटं उशिरा सुटली. छत्तीसची गाडी तिच्या आधीच वेळेवर गेली होती. यादीतलं एकही नाव चुकलं नव्हतं.

वनजक्का काउंटरवर येऊन बसली. चेलुवय्याने मोबाइल पुढे केला. "अक्का, सुदर्शनचा मेसेज आहे. ती जुनी नक्कल कायमची पुसून टाकू का विचारतोय."

वनजक्काने डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने पुसला.

"पुन्हा आपोआप उठणार नाही एवढं कर म्हणावं. पुसायचं ते नंतर बघू. आज नको."