मे बी कॉल्ड ऑफ

शाळेच्या गणवेशांच्या दुकानामागे एक लांबट खोली होती. तिथे खिडकीजवळच्या मशीनवर बसून ती सदऱ्यांना काजं करायची. एका सदऱ्याला सात काजं, दिवसाला साठ-सत्तर सदरे. दुकानात तिला सगळे काजवालीच म्हणत, आणि कुणी नावाने हाक मारली तर तीच क्षणभर गोंधळायची. हात इतका बसलेला होता, की गप्पा मारता मारताही काज कधी तिरकं गेलं नाही. इंग्रजी मात्र हमखास तिरकं जायचं. काउंटरवर उभं राहायचं असेल तर गिऱ्हाइकाशी इंग्रजीत चार वाक्यं बोलता आली पाहिजेत, असं मालकीणबाईंनी सांगितलं होतं. म्हणून आठवड्यातून तीन संध्याकाळी ती ड्रायक्लीनरच्या वरच्या मजल्यावर शिकायला जायची.

शिकवणाऱ्या बाई कोर्टातून निवृत्त झालेल्या टायपिस्ट होत्या. फळ्यावर लिहितानासुद्धा ओळ संपली की त्यांचा डावा हात टाइपरायटरचा दांडा सरकवावा तसा हवेत सरकायचा. आयुष्यभर साहेब लोकांची वाक्यं टाइप केल्यामुळे वाक्यातून माणूस कसा गायब करतात ते आपल्याला चांगलं माहीत आहे, असं त्या म्हणायच्या.

काजवालीचा नवरा मालवाहू बोटीवर ऑइलर होता. इंजिनाचं तेलपाणी बघायचं काम त्याच्याकडे. बोटीवर एकूण नऊ माणसं. बंदर आलं की तो न चुकता फोन करायचा, पाच मिनिटं आईशी आणि दोन मिनिटं बायकोशी, आणि बायको त्यावरून त्याला नेहमी टोमणा मारायची. त्या खेपेला मात्र तो तिच्याशीच जास्त बोलला. पंप कुरकुर करतोय, मोकळ्या समुद्रातून जायचा कप्तानाचा धीर होत नाहीये, लहान बेटांच्या आडोशाने वळसा घालून जाणार आहोत, दोन दिवस उशीर होईल, आईला उगाच काही सांगू नकोस. तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

शनिवारी कंपनीचा मेल आला. बोटीशी संपर्क तुटला होता.

त्यानंतर रोज दुपारी एक मेल यायचा. बाकीच्या आठ घरांची माणसं कुठल्या कुठल्या गावची, तिला कुणाचा नंबरही ठाऊक नव्हता. मेल आला की ती मशीन थांबवायची, फोन डोळ्यांजवळ धरायची आणि ओळखीचे शब्द वेचून काढायची. शोध, विमान, हवामान, कुटुंबं. घरी सासूबाई दाराशीच उभ्या असायच्या. चप्पल काढायच्या आतच त्या विचारायच्या, आज काय लिहिलंय. आणि ती वाचून दाखवायची.

बुधवारचा मेल दोनच ओळींचा होता. द सर्च मे बी कॉल्ड ऑफ ऑन फ्रायडे. एनिथिंग दॅट कॅन बी फॉलोड अप मस्ट बी सेंट इन बाय फ्रायडे नून.

तिने अर्थ लावला. सर्च म्हणजे शोध. कॉल म्हणजे हाक. ऑफ म्हणजे लांब. फॉलो म्हणजे मागोमाग जाणं, सेंट म्हणजे पाठवलेलं. शुक्रवारी लांबवरून हाका मारत शोधणार आहेत, दुपारपर्यंत मागावर माणसंही पाठवणार आहेत. सासूबाईंना तिने तसंच सांगितलं.

"नावाने हाका मारतील ना?" सासूबाईंनी विचारलं. "त्याला पहिल्या हाकेला ओ द्यायची सवय नाही. दोन-तीनदा मारायला सांग."

त्या दिवशी म्हातारी चार दिवसांत पहिल्यांदा दोन घास नीट जेवली. सुनेच्याही जिवात जीव आला.

गुरुवारी संध्याकाळी ती क्लासला गेली ती केवळ घरी बसवत नव्हतं म्हणून. बाकीचे निघून गेल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं आणि बोटीचं काही कळलं का, असं विचारलं. तिने फोन पुढे केला आणि हाकांचं सांगितलं. बाईंनी चष्मा वर सरकवून दोन ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग खडू हातात घेतला आणि परत ठेवून दिला.

"हाका नाहीत गं," त्या म्हणाल्या. "कॉल ऑफ म्हणजे गुंडाळणं. शोध उद्या थांबवला जाऊ शकतो, असं लिहिलंय."

तिने फोन परत घेतला आणि त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, की जाऊ शकतो म्हणजे जाणार का. बाईंनी सांगितलं, की मे आहे, विल नाही. अजून ठरलेलं नाही. दुसऱ्या ओळीत मस्ट आहे, म्हणजे ते करायलाच हवं. ज्याचा माग काढता येईल अशी कुठलीही माहिती उद्या दुपारी बारापर्यंत त्यांच्याकडे पोचलीच पाहिजे.

"कुणी पोचवायची?"

"ते लिहिलेलं नाही. म्हणजे ज्याच्याकडे असेल त्याने."

तेव्हा तिला तो फोन आठवला. पंप. बेटं. वळसा. पाच दिवस विमानं सरळ वाटेवर घिरट्या घालत होती, आणि बोट तिकडे गेलीच नव्हती. हे सगळं तिच्याजवळ होतं. आईला सांगू नकोस म्हणाला होता, म्हणून तिने ते मनाच्या तळाशी दडपून ठेवलं होतं, आणि कंपनीला ठाऊक असेलच असं धरून चालली होती. ती बाकावर बसली आणि स्वतःच्या मांडीवर मुठी मारत राहिली. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, रड नंतर, आधी लिहू.

मेल तिथेच लिहून पाठवला. त्यावर आपोआप येणारं उत्तर आलं, की आपल्या पत्राची दखल घेतली जाईल. बाईंनी ते वाचलं आणि तोंड कडू केलं. कुणाकडून ते यातही नाही, म्हणाल्या, उद्या तू स्वतःच जा.

शुक्रवारी सकाळी नऊला ती कंपनीच्या ऑफिसात हजर झाली. दुसऱ्या मजल्यावर तीन टेबलं, एक पाण्याचं पिंप आणि भिंतीवर समुद्राचा निळा नकाशा. कारकुनाने तिचं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. लेखी द्या म्हणाला, इंग्रजीतून. तिने रात्रभर घोकलेलं वाक्य कागदावर उतरवलं, द सर्च मस्ट नॉट बी कॉल्ड ऑफ, आणि खाली बेटांचं लिहिलं. अक्षर काजांसारखं एकसारखं आलं.

कारकुनाने कागद ट्रेमध्ये ठेवला आणि सांगितलं, की इट विल बी पास्ड ऑन.

"कोण पोचवणार?" तिने विचारलं.

"पोचवलं जाईल, ताई."

"ते समजलं. पण कोण?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे तुम्हीच ना? मग आत्ता फोन करा. माझ्यासमोर."

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली. घड्याळात साडेनऊ वाजले होते. ती खुर्चीवर बसली नाही, टेबलाची कड धरून उभी राहिली, आणि मला ढकलून काढलंत तरी जिन्यात बसेन, असं म्हणाली. आवाज चढला नव्हता. अखेर त्याने फोन उचलला. पलीकडून कुणीतरी प्रश्न विचारत होतं आणि तो ते तिला विचारत होता. कुठली बेटं? कप्तान कुठल्या बाजूने म्हणाला? पंप कधीपासून? बेटांचं नाव तिला ठाऊक नव्हतं. तिने नकाशाजवळ जाऊन ठिपक्यांवर बोट ठेवलं, आणि दोन दिवस जास्त, दोन दिवस जास्त, एवढंच परत परत सांगितलं.

घरी जाऊन तिने सासूबाईंना खरं काय ते सांगितलं. माझी चूक झाली, हाका नव्हत्या, मी उलटा अर्थ लावला. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली ती संध्याकाळपर्यंत.

त्या शुक्रवारी शोध थांबला नाही. विमानं बेटांकडे वळवली गेली. रविवारी मेल आला, की एक तराफा सापडला आहे आणि त्यावर दोन माणसं जिवंत आहेत. नावं तासाभराने येणार होती. त्या एका तासात काजवालीने देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच ठाऊक. नावं आली. एक स्वयंपाकी आणि एक खलाशी. तिने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. दोनच नावं होती.

एक दिवस आधी आपण क्लासला गेलो असतो तर, हा विचार तेव्हा तिच्या मनात शिरला आणि मग निघालाच नाही. सदरा मशीनखाली सरकवताना तो यायचा, भांडी घासताना यायचा. बुधवारी कळलं असतं तर. आईला सांगू नकोस हे ऐकलं नसतं तर. टायपिस्टबाईंनी परोपरीने समजावलं, की पाचव्या दिवशी सांगितलंस म्हणून दोघं वाचले. ती मान डोलवायची, पण दोघं हा आकडा तिच्या गळ्याखाली उतरत नव्हता. बाकीची सात माणसं तिला रोज मोजता येत होती.

पुढच्या बुधवारी आणखी एक मेल आला. हॅज बीन कॉल्ड ऑफ. यात मे नव्हतं, मस्ट नव्हतं. तो वाचायला तिला कुणाची मदत लागली नाही. तिने मशीन बंद केलं, घरी गेली आणि सासूबाईंना एवढंच म्हणाली, "थांबवलं, आई."

दीड महिन्याने तो स्वयंपाकी त्यांच्या दारात आला. पन्नाशीचा माणूस, ओठ अजून फाटलेले, हातात फळांची पिशवी. दारातून आत पाऊल टाकायला त्याला अवघड जात होतं. खाली बसल्यावर त्याने सांगितलं, की तराफा सोडला तेव्हा ऑइलर वर आला होता. त्याने दोरी सोडवून दिली, खाली इंजिनाजवळ अजून दोघं आहेत म्हणाला, त्यांना घेऊन येतो म्हणाला आणि परत जिना उतरला. बोट त्यानंतर फार वेळ राहिली नाही. बेटांचं तुम्ही कळवलंत ते आम्हाला मागून समजलं, असं म्हणून तो काजवालीच्या पाया पडायला वाकला. ती दोन पावलं मागे सरली. तिला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

सासूबाई भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि ताट वाढून घेऊन आल्या. त्याच्यासमोर ठेवून त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

"सावकाश जेव," त्या म्हणाल्या. "आणि तो वर आला तेव्हा अंगात काय घातलं होतं, ते सांग मला."