लाईट आल्यावर
द्राक्षवेलींवर मारतात त्या गंधकाच्या भुकटीचा वास आला की मला पिंपरी पेंढारची ती द्राक्षबाग आठवते. दोन हजार आठच्या सुमारास तिथे आमच्या कंपनीने फवारणी कधी करायची ते कळावं म्हणून हवेतला ओलावा मोजणारे सहा डबे बसवले होते. ते वायफायवरून घरातल्या राउटरला आकडे पाठवायचे. भारनियमन संपून लाईट आली की मात्र सहाही डबे एकदम राउटरवर तुटून पडायचे आणि दोन-तीन अडकून बसायचे. मग मी नारायणगावहून जीपने जाऊन, चिखल तुडवत एकेकाचं बटण दाबायचो. एकदा दोन दिवस आकडेच आले नाहीत, फवारणी हुकली आणि वेलींच्या दोन ओळींवर डावणी हा बुरशीचा रोग आला. डाग पडलेला घड माझ्या हातात देत बागेच्या मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, लाईट आली म्हनून आमी समदे एकदम मोटारी चालू करत न्हाई. डीपीचा फ्यूजच उडंल. कोन दोन मिनटांनी, कोन पाच मिनटांनी. तुमच्या डब्यांना कुनी नंबर लावून दिलाय का?" मी तिथेच बांधावर लॅपटॉप घेऊन बसलो आणि प्रत्येक डब्याच्या प्रोग्राममध्ये थांबायचा वेगवेगळा वेळ लिहून दिला. संध्याकाळी लाईट आली आणि सहाही डबे एकामागून एक आपोआप जोडले गेले. त्यानंतर बटणं दाबायला मला परत तिथे जावं लागलं नाही. आता ही युक्ती मी नव्या इंजिनिअरांना शिकवतो, तर ते मला पुस्तकाचं नाव विचारतात.