आडात गेलेलं तिखट

आमची चक्की जिंतूर रस्त्यावर आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे एका आडाची गोष्ट येणार आहे आणि त्या बिचाऱ्याची बदनामी एकदा झाली तेवढी पुरे.

चक्की म्हणजे पीठ आणि मिरची कांडप. नवरा शाळेत मास्तर होता, आता निवृत्त झाला. चक्की माझी, त्यामुळे हल्ली तो माझ्या हाताखाली आहे असं मी चारचौघांत सांगते आणि तो हसण्यावारी नेतो. दारात खुर्ची टाकून सासूबाई बसतात. वय किती ते त्यांनाच माहीत नाही, पण गिऱ्हाईकाची मिरची कुटून झाली की चिमूटभर जिभेवर ठेवून त्या सांगतात, "लवंगी जास्त पडली गं, लेकरं रडतील." मग ती बाई घरी जाऊन धने वाढवते. शेजारच्या गावांतून बाया येतात त्या माझ्या मशीनसाठी येत नाहीत, त्या जिभेसाठी येतात. हे मला पूर्वी लागायचं, आता नाही.

दोन वर्षांपूर्वी मागच्या बाजूला दोन गाळे काढायचं ठरलं. एकात मसाल्याची पाकिटं भरायची, दुसरा भाड्याने द्यायचा. मागची जागा उघडी, काळ्या मातीची. पाऊस पडला की ती सगळा पिऊन टाकायची, म्हणून आपल्याकडे किती पाणी येतं हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. आता तिच्यावर स्लॅब आणि फरशी आल्यावर ते पाणी जाणार कुठे? समोर रस्ता आहे, पण तो दर वेळी नवा होताना वर चढत गेला आणि चक्की खाली राहिली. गिऱ्हाईक आमच्याकडे पायऱ्या उतरून येतं. पाणी काही पायऱ्या चढून जात नाही. आणि काळ्या मातीत पायाशी पाणी मुरलं की भिंत चिरलीच म्हणून समजा.

उतार होता तो मागे, आक्काच्या परसात. आक्का म्हणजे मागच्या शेतकरी घरातली म्हातारी, सासूबाईंच्याच वयाची. तिच्या परसात एक म्हैस, एक लिंबाचं झाड आणि एक जुना आड, आणि परसाच्या पलीकडे ओढा. नवऱ्याने रंगीत पेन्सिलींनी नकाशा काढला. छताच्या कडेला पन्हाळ, तिथून खाली पाईप, भिंतीपासून लांब धरून नाली, आक्काच्या परसातून सरळ ओढ्यात. नळीत पाणी भरून त्याने आणि गवंड्याने उतारही काढला. कागदावर सगळं झकास होतं. फक्त आक्का हो म्हणायची बाकी होती, आणि ती नाही म्हणाली असती तर आमचे नवे गाळे म्हणजे हौद झाले असते.

विचारायला मी गेले. मास्तरला पाठवला असता तर त्याने तिला आधी भूगोल शिकवला असता.

"नाली जाऊ दे की," आक्का म्हशीचं शेण भरता भरता म्हणाली, "पर ते पानी वड्याला कशाला घालायलीस? माज्या आडात सोड."

"आडात?"

"मग? संक्रांत झाली की तळाला जायलाय आड. बोअरच्या पान्यात डाळ शिजंना झालीय. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येनार?"

मी घरी आले ती पाय जमिनीवर न ठेवताच. सासूबाईंना सांगितलं. त्या तिखट चाळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"त्या आडाचं नाव काढू नको," त्या म्हणाल्या.

मला माहीत होतं, तरी त्या क्षणी मी ते विसरले होते. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा आमच्या वस्तीला पाणी नव्हतं. तेव्हा हा आड गावाबाहेर मळ्यात होता, गाव त्याच्याभोवती नंतर वाढलं. घागर आडापासून लांब ठेवायची, आपण त्याहून लांब उभं राहायचं, आणि कुणी तरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत वाट बघायची. कधी कधी दुपार व्हायची. पुढे वस्तीत हापसा आला आणि ते संपलं. पाणी ओतायला जी यायची ती त्या घरातली नवी नवरी होती. ती नवरी म्हणजे आक्का. दोघी म्हाताऱ्या रोज एकमेकींना दिसतात, मिरचीच्या भावावर बोलतात, पण हा विषय दोघींपैकी कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

"आत्याबाई, काळ बदललाय," मी म्हणाले.

"काळ बदलला आसंल. आड तोच हाय," त्या म्हणाल्या. "आपलं पानी त्यात गेलं आन उद्या काय बी झालं, तर नाव आपलंच निघंल. वड्यात सोड."

त्यांचं ऐकायला हवं होतं का, हे मी तेव्हाही ठरवू शकले नाही. पण ओढ्याचं नाव काढताच आक्का म्हणाली, आडात सोडायचं तर नाली, नाही तर राहू दे. तेव्हा नाली आडापर्यंत गेली. आडाजवळ खड्डा खणून त्यात खडी आणि वाळू भरली, पाणी त्यातून गाळून आत जावं म्हणून, आणि जास्तीचं पुढे ओढ्यात. सासूबाई त्या सबंध कामात एकदाही मागच्या दारी आल्या नाहीत.

वैशाखात गाळे उभे राहिले. वैशाख म्हणजे आमच्या कांडपाचा हंगाम. सकाळी सुरू झालेली मशीन दिवेलागणीला थांबते, आणि कांडपाच्या खोलीतली तिखटाची धूळ बाहेर फेकायला मागच्या भिंतीत पंखा आहे. तो पंखा पूर्वी उघड्या जागेवर फेकायचा. आता तो नव्याकोऱ्या स्लॅबवर फेकत होता. हे मला दिसलं नाही, मास्तरला दिसलं नाही, आणि शिंकत शिंकत रंग देणाऱ्या गवंड्यालाही दिसलं नाही.

एका दुपारी वळीव आला. नाली अशी धो धो वाहिली की नवरा छत्री घेऊन तिच्या कडेकडेने वरबापासारखा फिरत होता. भिंतीशी थेंब थांबला नाही. मीही खूश होते, चहा टाकला. तेवढ्यात मागून आरडाओरडा सुरू झाला.

आम्ही धावलो. आक्काची सून डोळे चोळत होती, तिने बादलीभर पाणी शेंदून तोंड धुतलं होतं. म्हैस पाण्याच्या डोणीत तोंड घालून जी मागे सरकली होती ती दाव्याला हिसके देत फुरफुरत होती. आडाच्या पाण्यावर लालसर तवंग. महिनाभराचं तिखट स्लॅबवरून धुऊन, वाळूला न जुमानता थेट आडात उतरलं होतं.

बाया जमल्या. त्यांतली एक म्हातारी पदर नाकाला लावून म्हणाली, "मी तवाच म्हनलं व्हतं आक्का. कुनाचं बी पानी आडात घ्यायचं म्हंजे. बाटला म्हना की आड."

माझा स्वभाव तापट आहे, आणि हे वाक्य मी आयुष्यात अनेक रूपांत ऐकलेलं आहे. माझ्या तोंडून काय निघणार होतं ते आज लिहिण्यासारखं नाही. सासूबाई म्हणाल्या तेच झालं, एवढंच डोक्यात फिरत होतं. पण माझ्या आधी आक्का बोलली.

"बाटला काय बाटला? तिखट झालाय!" ती त्या म्हातारीवर खेकसली. "मिरची हाय ती. तूबी हितलीच कुटून नेतीस आन बोटं चाटून खातीस. उपसला की झालं." मग ती माझ्याकडे वळली. "आन तू गं मास्तरीनबाई! कांडपाचं तिखट छतावर पडायलंय ते दिसलं न्हाई व्हय तुला? आन त्यो मास्तर, रंगीत पेनशिली घेऊन फिरायलता! माजी म्हस आंधळी झाली आसती म्हंजे?"

ती बराच वेळ बोलत होती. आमच्या अकलेचे तिने वाभाडे काढले, गवंड्याच्या सात पिढ्या काढल्या. शिव्या खाताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता. सगळ्या शिव्या मिरचीच्या होत्या.

मोटर लावून आड उपसला. मी आणि नवऱ्याने स्लॅब खराट्याने घासला, पंख्याचं तोंड वर वळवून त्याला जाळी बसवली. पाईपला एक झाकण केलं, की आरंभीचे पाऊस थेट ओढ्यात जातील आणि छत धुऊन निघाल्यावरच पाणी आडाकडे वळवायचं. आडाला झरे होते, हळूहळू नवं पाणी चढलं. पण आक्काला खात्री पटेना. ती चक्कीच्या मागच्या दारात येऊन म्हणाली, "तुज्या सासूला पाठव. तिखट गेलं का न्हाई ते तीच सांगंल. आमच्या जिभांला काय कळतंय."

सासूबाई खुर्चीवरच होत्या. "माजे गुडघे दुखायलेत," त्या म्हणाल्या. मग आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा जयंतीला नेसायचं पांढरं लुगडं नेसून आल्या.

परसात शिरल्या आणि आडापासून लांबच थांबल्या. पाय आपोआप तिथे थांबले असावेत.

"तिथून कसं कळंल?" आक्का म्हणाली. "हिकडं ये." तिने दोर उचलला आणि त्यांच्या हातात दिला. सासूबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग पोहरा सोडला. मी पुढे झाले, तर कोपराने मला बाजूला सारून त्यांनी तो स्वतःच वर ओढला, ओंजळ भरली आणि पाणी तोंडात धरून डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"आजून जराशी झणझण हाय," त्या म्हणाल्या. "उद्या परत बघाया यावं लागंल."

पोहऱ्यात उरलेलं पाणी मी चाखलं. ते गोड होतं, आमच्या माठातल्यापेक्षा गोड. मी आक्काकडे पाहिलं. तिनेही ओंजळभर घेऊन चाखलं.

"हाय खरं जराशी झणझण," आक्का म्हणाली. "उद्या ये."

सासूबाई दुसऱ्या दिवशी गेल्या, त्याच्या पुढच्या दिवशीही गेल्या. झणझण काही जाईना. गुडघ्यांची तक्रार मात्र थांबली. मग एका सकाळी त्या निघाल्या तेव्हा त्यांच्या काखेत माळ्यावरची जुनी घागर होती, घासून लख्ख केलेली. मी डाळ चढवायच्या बेतात होते. गॅस बंद केला आणि त्या पाणी घेऊन येईपर्यंत थांबले.