भिंगारात पुणं येत असे तेव्हा

‘‘पुणं आलं! सुनबाई, पळ, पुणं आलं!’’

फोडणीतल्या मोहरीच्या तडतडाटावर आणि गिरणीतून उडणाऱ्या पिठाच्या शुभ्र धूसरतेवर स्वार होऊन ही आरोळी भिंगारच्या आमच्या गल्लीत घुमली, की हातातली लाटणी हातात, ओठांवरची भांडणं ओठांवर ठेवून सारी गल्ली माझ्या दाराकडं बघे. आरोळी पोपटमामांची. मामा तोफखान्यातले निवृत्त हवालदार. उभं आयुष्य तोफांशी बोलण्यात गेल्यामुळं माणसांशीही ते त्याच पट्टीत बोलत. त्यांच्या आवाजानं चांदबिबीच्या महालावरची कबुतरं उडत ती थेट पाथर्डीला जाऊन टेकत, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसोत बापडे. त्यांनी ती कबुतरं पाहिलेली नाहीत, मी पाहिली आहेत.

पुणं म्हणजे पुण्याचा फोन. तो मामांच्या एसटीडी बूथवर येई, कारण गल्लीत दुसरा फोनच नव्हता. नव्वदीच्या अखेरची ती वर्षं. टायपिंगची परीक्षा आणि अघळपघळ वाचा एवढंच स्त्रीधन घेऊन मी या गल्लीत सून म्हणून आले होते. पुण्याच्या एक वास्तुविशारद बाई आमच्या नगरच्या सावेडीत शाळेची इमारत बांधत होत्या, आणि नगरात राहून त्यांचं काम हाकणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. गवंड्याला गाठायचं, वीटभट्टीवाल्याला जागं करायचं, पत्रं टाइप करून फॅक्सनं धाडायची, आणि रोज सकाळी त्या पुण्यात बसून विचारतील त्याचं उत्तर इथं तयार ठेवायचं. ओळखीतून माझं नाव गेलं आणि फोनवरच नोकरी ठरली. महिनाभर बघू, मग कायमचं ठरवू, असं बाई म्हणाल्या. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, मी त्यांना नाही. आज घरोघरी लेकीसुना पडद्यासमोर बसून सातासमुद्रापलीकडच्या साहेबांची कामं उरकतात, आणि त्याला काही भारदस्त इंग्रजी नाव आहे म्हणे. आमच्या गल्लीत त्याला पुणं म्हणत.

सासूबाईंना मात्र हे पुणं पटत नव्हतं. गल्लीतली पिठाची गिरणी आमचीच. त्या गिरणीच्या सम्राज्ञी, आणि युवराज्ञीपद त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलेलं.

‘‘हापीस दिसत न्हाई, सायेब दिसत न्हाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मंग नोकरी हाय कुठं?’’

‘‘मामांच्या बूथमध्ये.’’

‘‘तितं तर भजी मिळत्यात.’’

मिळत, हे खरं. माझं कार्यालय म्हणजे भज्यांच्या परातीशेजारची एक फळी. पण महिन्यानं कायम झाले नाही तर गपगुमान गिरणीवर बसायचं, असा आमच्यात तह झाला.

आणि मला गिरणी नको होती हो! पिठाचा मला तिटकारा नव्हता. पण रिसीव्हर कानाला लावला की मी कुणाची लेक, कुणाची सून उरत नसे. मी नुसता आवाज होई, आणि त्या आवाजावर तिकडं सावेडीत एकेक भिंत चढत जाई. माणसाला स्वतःचा आवाज असा विटांच्या रूपानं उभा राहिलेला कितीदा बघायला मिळतो?

अडचण एकच होती. माझ्या आवाजाबरोबर गल्लीचाही आवाज पुण्याला जाई. गिरणीची घरघर, कल्हईवाल्याची ठोकठोक, आणि मागून मामांचं, ‘‘वरडून बोल, पुणं लांब हाय!’’ अखेर एके सकाळी बाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही जत्रेत बसता का? मला एक शब्द कळत नाही. असंच चालणार असेल तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.’’

ही वार्ता ऐकून मामांमधला हवालदार जागा झाला. भिंगारपलीकडच्या माळावर लष्कराच्या तोफांचा सराव चाले, तेव्हा तिथं लाल झेंडा चढे. तो दिसला की मेंढपाळ मेंढरं माघारी वळवत, आणि उतरेपर्यंत कुणी पाऊल पुढं टाकत नसे. मामांनी आपला लाल मफलर बांबूला बांधला आणि पुण्याचा फोन आला की तो बूथवर उभारायचा शिरस्ता पाडला. मग काय सांगू! कल्हईवाल्याची हातोडी अधांतरी थबके. आरवायला चोच उघडलेला कोंबडा तसाच उघड्या चोचीनं उभा राही. एखाद्या पोराला रडायचंच असलं तर त्याला शेजारच्या गल्लीत नेऊन रडवून आणत. आणि गिरणीचा पट्टा उतरवीत खुद्द सासूबाई, माझ्याकडं न बघता. शांतता आपोआप पडते असं आपण समजतो, पण ती कुणीतरी आपल्यासाठी धरून ठेवलेली असते.

महिना सरत आला. वाळूचा ट्रक यायचा होता. ड्रायव्हर बूथवर येऊन माझ्याकडून सावेडीचा पत्ता घेणार होता. परीक्षेचा दिवस म्हणून मामांनी त्या दिवशी उजाडताच मफलर चढवून ठेवला. ट्रकचा मात्र पत्ता नव्हता. आणि पुणं आलं.

‘‘वाळू?’’

‘‘येतेच आहे, बाई.’’

‘‘हे तुम्ही कालही म्हणालात. आणि हल्ली तुमच्याकडे इतकी शांतता कशी? खरं सांगा, तुम्ही कामासाठी बाहेर पडता का? की दार लावून घरी बसून वाळू येतेय म्हणता?’’

माझी ती जगद्विख्यात वाचा, जिनं एकेकाळी बोलून बोलून एसटी उलटी वळवली होती, ती इथं कामाची नव्हती, पुरावाच हवा होता. मी काचेतून मफलरकडं बोट दाखवलं. मामांना ते कळलं नाही. ते कळलं सासूबाईंना. पदर खोचून त्या आल्या, बांबू उपटून आडवा केला आणि गिरणीकडं वळत म्हणाल्या, ‘‘सोडा रं आवाज.’’

महिनाभर कोंडलेली गल्ली सुटली. गिरणी, हातोडी, तो बिचारा कोंबडा, सगळे एकदमच. आणि त्या कल्लोळात गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा भोंगा वाजला. ड्रायव्हर धावत बूथच्या दारात आला. माळाकडच्याच गावचा गडी तो. ‘‘सकाळधरनं कोपऱ्यावर उभा हाय, ताई,’’ तो म्हणाला. ‘‘लाल झेंडा दिसल्यावर म्होरं कसं यावं?’’

मी रिसीव्हर हातभर दाराबाहेर धरला. त्यात मामांनी छाती भरून आरोळी घातली, ‘‘वाळू आली! सुनबाई, वाळू आली!’’

अजूनही कधी मोहरी तडतडली की ती आरोळी माझ्या कानात घुमते, आणि वाटतं, त्या दिवशी तारेतून माझा आवाज गेलाच नाही, गेलं ते सगळं भिंगार. मी रिसीव्हर परत कानाला लावला. नोकरी कायम झाल्याचं पत्र मला कधी आलं नाही. आलं ते एवढंच, कागदावर पट्टीनं रेघ ओढावी तशा आवाजात:

‘‘बरं. आता विटांचं बघा.’’