कूलरमधली पाकोळी

जीवमात्रावर दया करणं ही आमच्या घराण्याची परंपरा आहे. निदान आबा, म्हणजे माझे वडील, तसं सांगतात. उंदीर आणि झुरळं त्यातून वगळलेली आहेत.

एरंडोलच्या घरी आईच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून पत्र्याचा कूलर बसवलेला आहे. त्याचं गवत बदलायला यंदा मी एप्रिलात जळगावहून गेलो. जाळी काढली, तर जुन्या गवताच्या घडीत एक पाकोळी बसलेली. हे वटवाघूळ अंगठ्याएवढं असतं. अंगाला दोन उघडी, गुलाबी पिल्लं चिकटली होती. पिल्लं उडेपर्यंत कूलर बंद, असं आबांनी तिथंच जाहीर केलं.

आईला रक्तदाब आहे. उन्हाळा जपून काढा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "पुण्य तुमनं, घाम मना," म्हणत तिनं खिडकीला ओलं पातळ लावलं.

मी वटवाघळांवरचं एक पुस्तक काढून वाचलं. पाकोळी दिवेलागणीला फटीतून बाहेर पडते, दिव्याभोवतीची चिलटं आणि पतंग उडता उडता टिपते, मध्येच परतून पिल्लांना पाजते. पिल्लं साधारण महिन्याभरात उडू लागतात. हे मी आईला सांगितलं.

"महिनाभर मी टिकसू का, तेबी देख त्या पुस्तकमा."

आबा दुपारी ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात बसत. तिथं दोन कूलर होते. त्या गारव्यात त्यांनी पाकोळीची हकिगत इतक्यांदा सांगितली, की मंडळानं सत्कारच ठेवला. ऐन मे महिन्यात त्यांना लोकरीची शाल पांघरली. भाषण संपेपर्यंत त्यांनी ती उतरवली नाही.

ते घरी आले तेव्हा आई चक्कर येऊन खाटेवर पडली होती आणि त्याच दिवशी जळगावहून पुन्हा आलेला मी तिच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होतो. तिनं डोळे उघडले.

"आते त्यासले काढ, नहीते माले काढ."

मी बाहेर गेलो, तेव्हा आबा मागून एवढंच म्हणाले, "हळू. पिल्लांना धक्का नको."

मी जाळी काढली. आत कोणी नव्हतं. लेंड्या वाळून त्यांची भुकटी झाली होती, म्हणजे मुक्काम हलून बरेच दिवस झाले असावेत. नवं गवत बसवून मी कूलर सुरू केला आणि आईला झोप लागल्यावर पुस्तकातलं पुढचं पान वाचलं. पत्रा फार तापला, की पाकोळी पिल्लांना पोटाशी घेऊन गार जागी निघून जाते.